‘दादानू, परत गळता हा’ : कॅम्परव्हॅनच्या छताला टिकणारं कोटिंग निवडताना

एप्रिल संपत आला, आगोटीची लगबग सुरू झाली की माझ्या फोनवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. व्हॅनच्या आतल्या छताला पडलेला तपकिरी डाग, चहाच्या कपाच्या बुडाएवढा, आणि खाली एक ओळ : ‘गेल्याच वर्षी कोटिंग केलं होतं. आता एखादं टिकाऊ सांगा.’

कुडाळजवळ हायवेला लागून माझं बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. मिनी बसच्या चॅसीवर बांधलेल्या कॅम्परव्हॅन, मागे जोडून ओढायच्या कॅराव्हॅन, रिसॉर्टवाल्यांनी माडाच्या बागेत कायमच्या उभ्या केलेल्या गाड्या, सगळं येतं. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यानंतर या गाड्या आमच्याकडे जास्त दिसायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर गळतीही आली. यातल्या बहुतेक गाड्या पुण्या-मुंबईच्या हिशेबाने बांधलेल्या असतात. इथे वर्षाला ३,००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. सहा मीटर लांब नि दोन मीटर रुंद छत धरलं तर त्यावर एका वर्षात ३६,००० लिटर पाणी पडतं. म्हणजे १२ हजारी टँकर तीन वेळा रिकामा करायचा, आणि त्यातलं तांब्याभर पाणीसुद्धा आत येता कामा नये.

माझ्याकडे आलेल्या बहुतेक गाड्यांचं जुनं कोटिंग वाईट नव्हतंच. गळत होता सांधा, आणि कोटिंग मारलं होतं अख्ख्या छताला. म्हणून डब्याचं नाव विचारायच्या आधी खालच्या क्रमाने बघत या. पहिल्या चार गोष्टींना जवळजवळ काही खर्च नाही.

लक्षणं

पाऊस जोरात असताना काही नाही आणि थांबल्यावर तासा-दोन तासांनी थेंब सुरू होतो : पाणी आत शिरून थर्माकोलवर किंवा छताच्या रिबमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आधाराच्या पट्टीत, साठतंय आणि मग वाट काढतंय. घाटात पहिला कचकचून ब्रेक मारला की पुढच्या सीटवर एकदम तांब्याभर पाणी : तोच प्रकार, फक्त साठा मोठा. थेंब तपकिरी असेल तर तो प्लायमधून किंवा गंजातून झिरपून येतोय, म्हणजे हे दुखणं कालचं नाही.

पाऊस नसताना सकाळी छत ओलं, खिडक्यांनाही घाम : ही गळती नसण्याची शक्यता जास्त. फक्त एसी चालू असतानाच पाणी : छताला हात लावू नका, पुढे वाचा.

वर चढल्यावर दिसणारी लक्षणं वेगळी. बोट फिरवलं की खडूसारखी पांढरी पूड लागते. सांध्याच्या रेषेवर केसासारखी भेग. रिव्हेटच्या डोक्याभोवती गंजाचा ओघळ. टम्म फुगलेले फोड, फोडले की आत पाणी. पोपडे निघतात आणि खाली चकचकीत पत्रा दिसतो. या शेवटच्या लक्षणात कोटिंगचा दोष क्वचितच असतो. ते पत्र्याला कधी चिकटलेलंच नसतं.

गाडी कशी उभी होती?

ही तपासणी बसल्या जागी होते आणि माझा निम्मा वेळ हीच वाचवते. गळती झाली तेव्हा गाडीचं तोंड उताराकडे होतं की चढाकडे? डाव्या चाकाखाली दगड होता का? पाणी छतातून आत आलं की रिबच्या पन्हळीतून उताराकडे चालायला लागतं आणि चार फुटांवर कुठेतरी एखाद्या स्क्रूच्या भोकातून पडतं. डाग जिथे आहे तिथे वरून कोटिंग मारणं म्हणजे पागोळी अंगणात पडते म्हणून अंगण शाकारणं.

तारकर्लीकडच्या एका होमस्टेवाल्यांची गाडी तीन वर्षं माझ्याकडे येत होती. दर वेळी डाग ड्रायव्हरच्या मागे. दोन वेळा मीच तिथला भाग पुन्हा सील करून दिला, आणि दोन्ही वेळा जुलैत त्यांच्या ड्रायव्हरचा फोन : ‘दादानू, परत गळता हा.’ तिसऱ्या वेळी मी तिथे जाऊन बघितलं. गाडी उभी होती उतारावर, नाक समुद्राकडे. पाणी शिरत होतं थेट मागच्या कॅरिअरच्या बोल्टातून आणि अख्खी गाडी ओलांडून पुढे येत होतं. बोल्टाखालचा रबरी वॉशर काढला तर शिळ्या घावण्यासारखा तडकून हातात आला. वॉशर बदलले, सील केलं. कोटिंगला हातही लावला नाही. तेव्हापासून ती गाडी माझ्याकडे फक्त दरवाजाच्या कुरकुरीसाठी येते.

आतल्या छतावर डागाची कडा पेन्सिलीने आखून ठेवा आणि शेजारी तारीख लिहा. डाग वाढतोय की जुनाच आहे ते महिन्याभरात कळतं.

गळती की घाम?

जाड प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा आतल्या छताला चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा आणि रात्रभर दोघं-तिघं नेहमीसारखे आत झोपा. सकाळी प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला, म्हणजे तुमच्या बाजूला, पाणी असेल तर तो आतल्या हवेचा घाम. प्लॅस्टिक आणि छत यांच्या मधे ओल असेल तर ती वरून येतेय.

थंडीच्या दिवसांत पहाटे पत्रा गार पडतो, आत माणसांचा श्वास, वर चहाचं आधण. घाम येणारच. त्यावर जगातलं कुठलंही कोटिंग चालत नाही. छतावरची झडप दोन बोटं उघडी ठेवा, स्वयंपाक करताना पंखा लावा.

छतावरच्या एसीचंही इथेच उरकून घ्या. चार दिवस कोरडे असताना एसी दोन तास चालवा. पाणी आलं तर निचऱ्याची भोकं पाल्याने, कुंभारमाशीच्या मातीने बुजलेली असतात. पातळ तार फिरवा. पावसातच एसीभोवती गळत असेल तर खालची गॅस्केट, म्हणजे एसी आणि छताच्या मधली मऊ पट्टी, दबून गेलेली असते. आतले बोल्ट अगदी थोडे, सगळे सारखे आवळून बघा. जोर केलात तर गॅस्केट चिरडते आणि मग ती बदलण्यावाचून इलाज नाही.

आधी धुवा, मग बघा

मळलेल्या छतावर भेग दिसत नाही. आमच्याकडचा मळही साधा नाही : जांभ्याची तांबडी धूळ, समुद्रावरून आलेलं मीठ, शेवाळ. गाडी आंब्याखाली उभी असेल तर मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा गळतो, त्यावर काळी बुरशी धरते. साध्या पाण्याने हा थर जात नाही. भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि शेवाळावर पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवून भरपूर गोड्या पाण्याने धुणं एवढं पुरतं. ब्लीच पत्र्यावर वाळू देऊ नका. प्रेशर वॉशरची धार सांध्यावर मारू नका. जिथे गळत नव्हतं तिथे गळायला लागेल.

मिठाचा मुद्दा नीट ऐका, कारण फोड का येतात ते यातच आहे. कोटिंगखाली मिठाचा कण राहिला की तो वरून, अगदी न फाटलेल्या थरातूनही, ओलावा खेचून घेतो. थेंबभर पाणी साठतं, थर उचलला जातो, उन्हात ते पाणी तापून फुगतं. फोडाखालचा पत्रा गंजलेला सापडतो तो याच कारणाने. रंगाच्या दिवशी सकाळी छत पुन्हा एकदा गोड्या पाण्याने पुसून कोरडं करायचं. वाडीतल्या विहिरीचं पाणी मचूळ लागत असेल तर दुसरीकडून आणा.

छत कशाचं आहे, आणि वर काय फासलंय?

पुढची सगळी निवड यावर आहे आणि साधनं चार : लोहचुंबक, मार्कर पेन, स्पिरिट, रॉकेल.

चुंबक चिकटला तर पोलादी किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्रा. नाही चिकटला आणि ठोकल्यावर धातूसारखं वाजलं तर अॅल्युमिनियम. बद्द वाजलं, कडेला काचधाग्याच्या शिरा दिसल्या तर फायबर. बऱ्याच गाड्यांत मधे पत्रा आणि पुढचा-मागचा घुमट फायबरचा असतो आणि गळतं ते या दोघांच्या जोडावर. बाहेरून आणलेल्या कॅराव्हॅनवर रबराची चादरही सापडते. पांढरी पूड देणारी, खाली काळी असेल तर ती बहुधा ईपीडीएम.

आता जुन्या कोटिंगची ओळख. कोपऱ्यात धुऊन कोरडं करून मार्करने रेघ ओढा. शाई आकसून थेंब-थेंब झाली आणि बोटाने पुसली गेली तर वर सिलिकोन आहे. स्पिरिटच्या बोळ्याने मिनिटभर चोळल्यावर चिकट, मऊ झालं तर अॅक्रिलिक. रॉकेलचा बोळा तपकिरी झाला तर डांबराच्या जातीचं काहीतरी. छत रबराचं असेल तर रॉकेल अजिबात नको. पेट्रोलियमने ईपीडीएम फुगतं. डांबरातही तेच असतं, म्हणून त्या छतावर डांबरी माल कधीच लावायचा नाही.

हे ओळखण्याचा कंटाळा केला तर काय होतं ते सांगतो. एका गाडीवर आधीच्या कारागिराने सिलिकोनवर गच्चीचं अॅक्रिलिक मारलं होतं. दिसायला दुधासारखं. मी कडेला नख घातलं आणि उकडलेल्या आठळीची साल सुटावी तसा हातभर पट्टा अलगद सुटून आला. सिलिकोनवर सिलिकोनशिवाय काही धरत नाही.

पाण्याचा पाइप, आणि साबणाचे बुडबुडे

एक जण आत टॉर्च घेऊन, एक जण वर पाइप घेऊन. नेहमी खालच्या बाजूने सुरुवात : आधी खिडकीची वरची कड, मग बाजूची पन्हळ, मग छताची कड, शेवटी मधल्या झडपा आणि बोल्ट. एका जागी दहा-पंधरा मिनिटं मंद धार. आधीच वरून ओतलंत तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही. घाई करणारे इथेच फसतात.

पाइपानेही सापडलं नाही तर उलटं करतो. सगळ्या खिडक्या बंद, सिंकची नळी, एसीच्या जाळ्या टेपने बंद, आणि एका झडपेतून ब्लोअरने आत हवा भरायची. मग वर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी शिंपडायचं. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. जिथून बुडबुडे येतील तिथे खडूने गोल. हवा बेताचीच भरा, मंद ब्लोअर पुरतो.

सापडलेली भोकं आधी बुजवायची, कोटिंग नंतर. कारण साधं आहे. सहा मीटर पोलादी पत्रा पहाटेच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत ४० अंशांनी तापला तर जवळजवळ ३ मिमी वाढतो, अॅल्युमिनियम त्याच्या दुप्पट. वरून करूळ किंवा फोंडा घाटात बॉडी पिळवटते ती वेगळीच. ही सगळी हालचाल सांध्यावर गोळा होते आणि अर्ध्या मिलिमीटरचा लेप एकट्याने ती झेलत नाही.

जुनं सीलंट खरवडून काढा. त्यावरच नवं फासणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना आळस. सपाट जागी आपोआप पसरणारं लॅप सीलंट, उभ्या कडेला न ओघळणारं पॉलियुरेथेन, लांब जोडावर ब्युटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, रोलरने जोर लावून दाबलेली. ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्यावर नको. वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि जस्त, अॅल्युमिनियम खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. कॅरिअर आणि सोलर पॅनेलचे बोल्ट काढून, भोकात सीलंट भरून, नवा वॉशर घालून परत बसवा. वरून नुसती टोपी घालू नका.

इतकं झाल्यावर पुन्हा पाइप मारा. गळती थांबली, आणि कोटिंगला फक्त पूड सुटलेली असेल, तर या वर्षी कोटिंग न करताही भागतं. हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं, पण होऊ दे.

मग कुठलं कोटिंग?

अॅक्रिलिक. पाण्यात मिसळणारं, स्वस्त, ब्रशने लागतं, हात पाण्याने धुता येतात, ऊन परतवतं. पाणी उभं राहिलं तिथे मात्र ते मऊ पडतं आणि सुटतं. आपल्या गाड्यांची छतं कॅरिअरच्या वजनाने मधे दबलेली असतात, आणि जून ते सप्टेंबर त्या खोलगटीत पाणी हटत नाही. छताला चांगला उतार आहे आणि मालक दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा हात मारायला तयार आहे, तिथेच मी अॅक्रिलिक लावतो. सिमेंटच्या गच्चीसाठीचा माल गुळगुळीत पत्र्यावर प्रायमरशिवाय धरत नाही, तो कितीही नामांकित असू दे.

सिलिकोन. उन्हाने फारसं म्हातारं होत नाही, उभ्या पाण्याला दाद देत नाही, हवेतल्या ओलाव्यानेच वाळतं म्हणून आमच्या हवेत उलट सोयीचं. तयारी नीट असेल तर दहाच्या आसपास वर्षांची अपेक्षा ठेवायला हरकत नाही. खोट तीन. धूळ धरून ठेवतं, म्हणजे जांभ्याच्या रस्त्यावर पांढरं छत एका मोसमात गेरूसारखं होतं आणि ऊन परतवायचा गुण तेवढा कमी होतो. ओलं झालं की शेवाळलेल्या पायरीसारखं निसरडं. आणि एकदा लावलं की पुढे जन्मभर सिलिकोनच.

पॉलियुरेथेन. चिवट, घासाला, फांदीच्या ओरखड्याला, वर चढणाऱ्या माणसाच्या पायाला टिकतं. डब्यावर अॅलिफॅटिक लिहिलेलं बघा. अॅरोमॅटिक स्वस्त असतं, पण उन्हात पिवळं पडून पूड सुटते, ते फक्त खालच्या थराला चालतं. एकाच डब्यातलं, ओलाव्याने वाळणारं घेतलंत तर पातळ थर द्या. दमट हवेत जाड मारलं की वाळताना आत वायू सुटतो आणि थरभर टाचणीएवढी भोकं पडतात. उघडलेला डबा त्याच दिवशी संपवा. उरलेलं दुसऱ्या आठवड्यात दगड झालेलं असतं, माझ्याकडे अशा दगडांची एक रांग आहे.

डांबरी माल काळा, ऊन ओढतो, नंतर वर काहीही पांढरं मारलं तरी तपकिरी डाग वर येतो, आणि तो काढणाऱ्याचे शिव्याशाप लागतात. होडीच्या बुडाला ठीक.

माझी निवड विचाराल तर अशी. चालती गाडी, पत्र्याचं छत, कॅरिअरवर माणूस चढणार : अॅलिफॅटिक पॉलियुरेथेन. बागेत कायमची उभी, छतावर पाणी साचणारं, कुणी चढत नाही : सिलिकोन. फायबरचं छत : रबरी लेपाची गरजच नसते बहुधा, २२० नंबरच्या घासकागदाने घासून टू-पॅक, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा, पॉलियुरेथेन रंग पुरतो. ईपीडीएम : त्याच रबरासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलंच, दुसरं काही नाही.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर साधा ऑइलपेंट प्रायमर म्हणून मारू नका. जस्ताशी त्याचं तेल साबण होऊन बसतं आणि दोन वर्षांत अख्खा थर सुटतो. एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने पत्र्याला धरणारा, किंवा इपॉक्सी प्रायमर घ्या. गंज असेल तिथे चकचकीत धातू लागेपर्यंत घासून, मग झिंक फॉस्फेट प्रायमर.

सात दिवसांचा तुकडा

सगळ्यात महाग चूक टाळणारी ही सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि कुणीच करत नाही. छताच्या मागच्या कोपऱ्यात वीतभर जागा ठरल्याप्रमाणे धुऊन, घासून, प्रायमर देऊन तयार करा. कोटिंगचा एक हात, त्यात सुती कापडाची पट्टी दाबून वर दुसरा हात, आणि पट्टीचं एक टोक मोकळं. सात दिवस थांबा. मग ते टोक धरून ओढा. कापड फाटलं किंवा कोटिंग मधूनच तुटलं तर ठीक. सगळं पत्र्यापासून स्वच्छ सुटलं तर चार हजाराचा डबा असो की चाळीस हजाराचा, तो या छताचा नाही.

किती, कधी

डब्यावर घनभागाचं प्रमाण बघा, आकारमानाने किती टक्के. एक चौरस मीटरवर एक लिटर ओतलं की ओला थर १ मिमी होतो. माल ५० टक्के घन असेल तर वाळल्यावर राहतो अर्धा मिमी, आणि अर्धा मिमी हे माझं किमान माप. म्हणजे १२ चौरस मीटर छताला असा माल १२ लिटर, ९० टक्के घन असलेला ७ लिटरच्या आत. वाया जाणारं धरून दहावा हिस्सा जास्त घ्या. ‘एका डब्यात होईल हो’ म्हणणाऱ्याने पाणी किंवा थिनर घालून ताणलेलं असतं. छतावर खडूने मीटर-मीटरचे चौकोन आखा आणि प्रत्येकात मोजून ओता, एकदम नाही, दोन-तीन हातांत. पहिल्या हातात चिमूटभर राखाडी रंग मिसळा, दुसरा आडवा मारा. सुटलेली जागा लगेच दिसते.

वेळ : नोव्हेंबर मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. सकाळी दव उडेपर्यंत थांबा. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंशांनी गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारं पाणी खाली अडकतं. दुपारनंतर वारा समुद्रावरून फिरतो आणि मीठ घेऊन येतो, शिवाय पत्रा इतका तापतो की वरचा थर आधी वाळून खाली फोड धरतात. म्हणून किनाऱ्यालगत माझं काम साधारण दहा ते एक. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, आधी ओल्या फडक्याने पुसून.

मे महिन्यात घाई करू नका. हे मी स्वतः भोगलंय. एका वर्षी गिऱ्हाइकाच्या आग्रहाने मेच्या शेवटच्या आठवड्यात अॅक्रिलिक मारलं. मिरगाला अजून वेळ आहे म्हणून निवांत होतो. तिसऱ्या रात्री वळीव कोसळला. सकाळी काचेवरून, दारावरून पांढरे ओघळ, खाली चिऱ्यांवर दुधाचं थारोळं. गिऱ्हाईक काही बोललं नाही, नुसतं उभं राहिलं. कोटिंग माझ्या खर्चाने पुन्हा डिसेंबरात केलं.

पावसात गळायला लागलंच तर कोटिंगचा विचार सोडा. उघडीप बघून जागा पुसा, हेअर ड्रायरने कोरडी करा, अॅल्युमिनियम पाठीची ब्युटिल टेप दाबून लावा, बाकी दिवाळीनंतर. ताडपत्री गाडीला घट्ट आवळून बांधू नका. वाऱ्यात ती कोटिंग घासते आणि खाली ओल कोंडते. वर शेड हवीच तर नीट काँक्रीटमध्ये रोवलेली. निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, रायगडपासून दापोलीपर्यंत पत्रे कसे उडाले ते आठवा. उडता पत्रा शेजारच्या गाडीचं छतही घेऊन जातो.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

तळव्याने दाबल्यावर छत मऊ लागलं, खाली गेलं, तर आतला प्लाय कुजलाय. वरून काही मारू नका, ओल आत बंद होईल. छत उघडणाऱ्या बॉडीवाल्याचं काम आहे ते. गंजाने भोक पडलंय किंवा रिबच खाल्ली गेलीय, तरी तेच. आणि वेल्डिंग करायचं ठरलं तर आधी आतला थर्माकोल, फोम काढून घेतला आहे ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. नाही काढला तर तो पेटतो, आणि व्हॅन आतून जळायला वेळ लागत नाही.

पाण्याच्या डागाजवळ दिवा लुकलुकत असेल, स्विचला झिणझिणी येत असेल, तर बाहेरून जोडलेली वीज आणि बॅटरी दोन्ही तोडून आधी इलेक्ट्रिशियन. सोलरची वायर उन्हात जिवंत असते, पॅनेल झाकल्याशिवाय जोड सोडू नका. एसीची गॅसची नळी हलवायची असेल तर एसीवाला. दोन भागांचं पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया फवाऱ्याने मारायचं असेल तर ते घरी करायचंच नाही. त्यातल्या आयसोसायनेटने दम्यासारखा कायमचा त्रास होऊ शकतो, साधा कापडी मास्क काही अडवत नाही. आणि सात दिवसांचा तुकडा दोन वेगवेगळ्या प्रायमरवर दोनदा सुटला, तर जुना थर खरवडून पत्र्यापर्यंत जाण्याला पर्याय नाही. हाताने ते दोन माणसांना तीन-चार दिवसांचं काम आहे, त्याची मजुरी आधी ठरवा.

माणूस बोलावलात तर त्याला डागाचा फोटो नको, छताचा हवा, आणि आधी कुणी काय फासलंय ते हवं. मी काम झालं की कपाटाच्या दाराच्या आत मार्करने लिहून ठेवतो : मालाचा प्रकार, प्रायमर, लिटर, तारीख. पुढच्या वेळी गाडी माझ्याकडे आली नाही तरी चालेल, पण जो कुणी वर चढेल त्याला बोळे घेऊन अंदाज करत बसायला नको.